शिक्का, मोर्तब आणि परवलीचा शब्द

धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागद पाहावयास बसलो म्हणजे मजकुराआधी माझी नजर जाते ती पत्राच्या दोन टोकांकडे. वर मुद्रा, खाली मोर्तब. मुद्रा सांगते, पत्र कोणाचे. मोर्तब सांगते, मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवील तर ते आमचे नव्हे. लांब पत्रास कागदाला कागद चिकटवीत, तेव्हा त्या जोडावरही शिक्का उमटवीत. मधलाच बंद कोणी बदलू नये म्हणून! राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यातच देह ठेवला. असले कागद गावोगाव हिंडून जमविण्यात त्यांचा जन्म गेला.

शिवकालीन कानुजाबत्यात सचिवाचे काम सांगितले आहे : राजपत्रे शोधावी, अधिकउणे अक्षर शुद्ध करावे, मग संमतीचे चिन्ह करावे. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. ही साधी गोष्ट ई-मेलच्या कर्त्यांस सुचली नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांना तिची गरजच भासली नाही. १९८२ साली जोनाथन पोस्टेल यांनी या टपालाचे नियम लिहिले, तेव्हा टपाल वापरणारी मंडळी थोडी आणि बहुतेक ओळखीची. कोणीही यावे, कोणाच्याही नावाने पत्र टाकावे, सर्व्हरने ते मुकाट्याने पुढे न्यावे. पुढे फुकट जाहिरातवाल्यांनी या भोळेपणाचा असा फायदा घेतला की, १९९८ साली पत्र टाकणाऱ्यांसाठी ५८७ क्रमांकाचे निराळे दार ठरवावे लागले, आणि १९९९ साली परवलीचा शब्द विचारण्याची रीत नियमात आली.

वाचकहो, येथेच खरी मेख आहे. जळगाव जिल्ह्यातील आमच्या शाळेत परवलीचा शब्द होता, तरी वाचनालयाच्या खात्यातून मुख्याध्यापकांच्या नावाने ‘परीक्षा पुढे ढकलली’ असे पत्र पालकांना गेले. गावोगावची मुले परीक्षेस आलीच नाहीत, आणि त्या सज्जन गृहस्थांना आठवडाभर खुलासे करीत बसावे लागले. सर्व्हरने माणूस ओळखला होता; त्याने वर कोणाचे नाव घातले, हे पाहिले नव्हते. चिटणिसाच्या हाती लेखणी दिली म्हणून कोणी मुद्राही दिली नाही!

मग आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने व्यवस्था लावली. परवलीचा शब्द झाकलेल्या वाटेनेच जावा, उघड्यावर सर्व्हरने तो मागूच नये. ओळख न देणाऱ्याचे पत्र बाहेरगावी जाऊ नये. आणि ज्या खात्यास जे नाव नेमले, त्याच नावाने त्याने लिहावे. शेवटी मोर्तब : २००७ साली नियमबद्ध झालेली ‘डीकेआयएम’ नावाची सही. तिची गुप्त किल्ली सर्व्हरवर असते, जोडकिल्ली शाळेच्या नावाच्या जाहीर नोंदीत. वाटेत मजकुरातले अक्षर बदलले की ती जुळत नाही.

ती गुप्त किल्ली कोणाच्या ताब्यात असावी, यावर मात्र शाळेत दोन बैठका झाल्या.