एक घर पुढे

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने यंत्रांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या हातून आजवर एकही यंत्र दुरुस्त झालेले नाही. बंद मात्र बरीच पडली आहेत. घरातला मिक्सर मी जवळ गेलो की आवाज बदलतो. बँकेत माझ्या पूर्ण ताब्यात असलेले एकच यंत्र म्हणजे नंबरिंग मशीन. दांडा दाबला की कागदावर 4318 उठायचे, पुन्हा दाबला की 4319. मॅनेजरवरचा राग काढत दाबा किंवा सोमवारच्या सकाळी जीव नसल्यासारखे दाबा, आकडा पुढे जायचा तो एकच घर. साडेचार हजार म्हणून कधी उडी नाही, आणि अठराच्या आणि एकोणिसाच्या मध्ये अडकून बसणे नाही. नोकरीत मी इतका नियमित कधीच नव्हतो.

एकेक घर मोजून पुढे जाण्याचा हा गुण केवढा मोठा आहे, हे मला बँकेत समजले नाही. समजले ते परळीच्या जत्रेत, सिनेमाच्या तंबूच्या मागच्या बाजूने.

परळीला माझे आजोळ. महाशिवरात्रीला वैजनाथाचे दर्शन हे आईचे कारण, आणि टुरिंग टॉकीज हे माझे. आठ-नऊ वर्षांचा असेन. मामा आमचा धार्मिक आणि काटकसरी. देवाला नारळ एक आणि तंबूची तिकिटे मोजून माणसांपेक्षा एक कमी, असा त्याचा हिशेब. ते कमी पडणारे तिकीट नेहमी माझे असायचे. मग मी तंबूला वळसा घालून मागे जायचो. तिथे एका ट्रकच्या हौद्यात मशीन उभे असायचे आणि त्याच्याशेजारी बनियनवर घामाघूम झालेला ऑपरेटर. चार वर्षे मी सिनेमा पाहिला तो त्या ट्रकच्या चाकावर चढून. म्हणजे पडदा थोडा आणि ऑपरेटर जास्त.

एका दुपारी तो मशीन उघडून बसला होता. तेलाने माखलेला लोखंडाचा एक तुकडा त्याने माझ्या तळहातावर ठेवला. लिमलेटच्या गोळ्यांच्या बरणीचे झाकण असते ना, तेवढासुद्धा नाही. चार पाकळ्यांच्या फुलासारखा आकार आणि दर दोन पाकळ्यांच्या मध्ये एक सरळ खाच.

"ह्यो क्रॉस. समदा शिनेमा ह्याच्यावर हाय," तो म्हणाला.

मी म्हटले, "मग अमिताभ?"

"त्यो बी ह्याच्यावरच."

आता हे बी. कॉम. माणसाला समजले तसे सांगतो. इंजिनिअर मंडळींनी पुढचे दोन परिच्छेद सोडून द्यावेत.

पडद्यावर जे हलते ते मुळात हलत नसते, एवढे आपण सगळे ऐकून असतो. फिल्मवर सुटी सुटी, स्थिर चित्रे असतात, सेकंदाला चोवीस. पण मोटार गोल फिरते, सारखी फिरते. फिल्मही तशीच सारखी सरकत राहिली तर पडद्यावर अमिताभ दिसणार नाही, नुसते करड्या रंगाचे सारवण दिसेल. म्हणून प्रत्येक चित्राने दिव्यासमोर येऊन क्षणभर ठाम उभे राहिले पाहिजे, मग झटकन जाऊन पुढच्याला जागा दिली पाहिजे. न थांबणाऱ्या मोटारीकडून हे थांबण्याचे काम करून घ्यायचे कसे? तर मोटारीने फिरणाऱ्या चकतीवर एक खुंटी बसवायची. चकतीचा एक फेरा झाला की ती खुंटी क्रॉसच्या एका खाचेत शिरते, त्याला पाव वळसा फिरवते आणि बाहेर पडते. ती खाचेवर धडकत नाही, खाचेच्या रोखानेच अलगद आत सरकते; त्यामुळे फिल्मला हिसका बसत नाही. आणि खुंटी बाहेर असते तेव्हा चकतीचा गोल खांदा क्रॉसच्या पाकळीच्या बाकात असा चपखल बसतो, की क्रॉसला केसभरही हलता येत नाही. चकतीचा एक फेरा, क्रॉसचा पाव वळसा, फिल्म एक चित्र पुढे. म्हणजे बरोबर पाऊण इंच.

वेळेचा हिशेबही पाहा. प्रत्येक फेऱ्यात पाव भाग हालचाल आणि तीन भाग विश्रांती. सेकंदाचा शहाण्णवावा हिस्सा फिल्म धावते आणि बत्तिसावा हिस्सा उभी राहते. सरकारी फायलीचे प्रमाण याहून वाईट असते, पण तत्त्व तेच. फिल्म धावत असताना एक पाते दिव्याच्या आड येते, म्हणजे ती धावपळ प्रेक्षकाला दिसू नये. आणि डोळ्यांना लपलप जाणवू नये म्हणून चित्र उभे असतानाही ते आणखी एकदा आड येते. एकूण काय, तीन तासांच्या सिनेमात आपण जवळजवळ निम्मा वेळ पूर्ण अंधारात बसलेलो असतो. हे मी मोठेपणी मामाला सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "म्हंजे तिकिटाचे निम्मे पैसे फुकट गेले की रे!"

हे अवजार सिनेमावाल्यांनी शोधलेले नाही. ते घड्याळजींचे. जिनिव्हाच्या कारागिरांनी खिशातल्या घड्याळाची किल्ली हौसेने जास्त पिळली जाऊ नये म्हणून असली खाचांची चकती वापरली. त्यांनी एक खाच बुजवून टाकली, की तेवढे फेरे झाल्यावर किल्ली पुढे फिरतच नाही. म्हणून तिला जिनिव्हाचे चाक म्हणतात, आणि माल्टाच्या सरदारांच्या चिन्हासारखी दिसते म्हणून माल्टाचा क्रॉस. 1896 मध्ये लंडनला रॉबर्ट पॉल आणि बर्लिनला ऑस्कर मेस्टर यांनी ती सिनेमाच्या यंत्रात बसवली. गंमत आहे ना? स्प्रिंगला आवर घालण्यासाठी केलेली वस्तू पुढे साऱ्या जगाला वेड लावायच्या कामी आली.

लियोंच्या ल्युमिएर बंधूंचे यंत्र मात्र क्रॉसवर चालत नव्हते. 1894 च्या अखेरीस लुई ल्युमिएरला एका रात्री झोप येईना, आणि पडल्यापडल्या त्याला शिवणयंत्र आठवले. शिवणयंत्राचे चाक गरगर फिरत असते, पण कापड पुढे सरकते ते टाक्याटाक्याने. त्याच धर्तीवर त्याने दोन नख्यांचा पंजा केला: फिल्मच्या भोकांत शिरायचे, खाली ओढायचे, सोडून द्यायचे. मलाही अनेक रात्री झोप येत नाही. आठवतो तो घरबांधणी कर्जाचा हप्ता. त्यातून अजून काही निर्माण झालेले नाही.

ल्युमिएरचे ते यंत्र 7 जुलै 1896 ला मुंबईत वॉटसन हॉटेलात आले. तिकीट एक रुपया. आलेल्या प्रेक्षकांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर होते, फोटोग्राफर, लोक त्यांना सावेदादा म्हणत. त्यांनी सरळ लंडनहून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनमधल्या एका कुस्तीचे चित्रण केले. मराठी माणसाला पहिल्यांदा कॅमेरा मिळाला तेव्हा त्याने कुस्ती टिपली, हे मला फार खरे वाटते.

पण या सगळ्यात माझे खरे दैवत म्हणजे दादासाहेब फाळके, आणि तेही बँकेतला माणूस म्हणून. त्यांचे कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आले असते तर मी काय केले असते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. अर्जदाराचे वय बेचाळीस. चालू धंदा: नाही, भागीदारांशी न पटल्यामुळे छापखाना सोडलेला. प्रस्तावित धंदा: 1911 च्या सुमारास ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिल्यामुळे आपल्या देवांचा सिनेमा काढणे. पूर्वानुभव: शून्य. तारण: विम्याच्या पॉलिसी आणि बायकोचे दागिने. मी नक्कीच 'चर्चा करावी' असा शेरा मारून प्रकरण वरच्या साहेबांकडे ढकलले असते.

1912 साली ते पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन आले. भांडवल द्यायला कोणी धजेना. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि दररोज एकेक चित्र घ्यायला सुरुवात केली. महिनाभर. रोज एक घर पुढे! मग ती फिल्म लोकांना चालवून दाखवली. मातीतून कोंब वर आला, पाने फुटली, वेल चढला, आणि सारे दोन-चार मिनिटांच्या आत. 'अंकुराची वाढ'. पैसे मिळाले. जगातल्या कुठल्याही बँकेने याहून चांगला प्रकल्प अहवाल पाहिला असेल असे मला वाटत नाही. आमच्याकडे येतात त्यांच्या अहवालात वाढीचा आलेख असतो. यांनी वाढच आणून दाखवली.

आणि ती भोके! त्या काळी कोरी फिल्म बिनभोकांची यायची. भोके पाडायची ती अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म संपली. हे काम दादरच्या घरात सरस्वतीबाई रात्री करीत. दिवसभर कंपनीतल्या साऱ्या माणसांचा स्वयंपाक केल्यानंतर. 'राजा हरिश्चंद्र' 3,700 फुटांचा होता. एका फुटात सोळा चित्रे, प्रत्येक चित्राला दोन्ही कडांना चार-चार भोके. मी एकदा कॅश जुळल्यावर उरलेल्या वेळात हिशेब केला: 4,73,600 भोके, आणि तीही फक्त एका प्रतीची. यंत्र असले तरी फिल्म बिनचूक सरकवत न्यायला हात माणसाचाच लागतो. कारण भोक केसभर चुकले, तर पंजा असो की क्रॉस, तो चुकीच्या जागी ओढणार, आणि पडद्यावर सत्यवचनी राजा थरथर कापताना दिसणार. 3 मे 1913 ला कॉरोनेशनमध्ये तो कापला नाही. सिनेमा तारामतीचा म्हणून पाहिला गेला. माझ्या मते तो सरस्वतीबाईंचा.

कोल्हापूरची तऱ्हा आणखी न्यारी. तिथले आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवणारे आते-मामेभाऊ. त्यांनी मुंबईच्या चोरबाजारातून एक जुना प्रोजेक्टर आणला आणि तो खोलून अभ्यासाला बसले. प्रोजेक्टर कळला म्हणजे कॅमेरा अर्धा कळला, कारण चित्र टिपतानाही फिल्मला तसेच थांबत थांबत न्यावे लागते. आनंदराव 1916 मध्ये वारले. बाबुरावांनी व्ही. जी. दामल्यांना हाताशी घेऊन 1918 पर्यंत कॅमेरा स्वतः बनवलाच, आणि त्याच्यावर काढलेला 'सैरंध्री' 1920 मध्ये पुण्याला लागला. आमच्या शाखेत एअर कंडिशनर बिघडला तर औरंगाबादहून माणूस यायला बारा दिवस लागले होते.

पुढे सिनेमा बोलायला लागला आणि आमच्या ऑपरेटरचे काम अवघड झाले. कारण चित्राला थांबून जायचे असते, पण आवाजाला थांबून चालत नाही. गाणे गचके खात ऐकू येईल. आणि दोन्ही एकाच फिल्मवर! यावर तोड अशी, की आवाजाची पट्टी आपल्या चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे छापायची, आणि दिव्याची खिडकी व आवाजाचा ड्रम यांच्यामध्ये फिल्मची एक सैल कमान सोडायची. वरचा गचका ती कमान पिऊन टाकते आणि खाली फिल्म तुपासारखी जाते. आमच्या घरात आई आणि बायको यांच्यामध्ये अशीच एक सैल कमान आहे. तिला खायला दोन वेळा लागते आणि ती बँकेत नोकरी करते.

ही कमान किती ठेवायची, हे ऑपरेटर बोटांनी ओळखायचा. मशीनचा टकटक आवाज जरा बदलला की क्रॉस झिजला, हे त्याला कानांनी कळायचे. चित्र पडद्यावर वर-खाली सरकून डोके खाली आणि पाय वर आले, की लोकांच्या शिट्ट्या सुरू होण्याआधी त्याचा हात मुठीवर गेलेला असायचा. तीन तासांच्या खेळात तो क्रॉस दोन लाख एकोणसाठ हजार दोनशे वेळा उठबस करायचा आणि एकाही वेळेला चुकायचा नाही. चुकलाच, तर फिल्म दिव्यासमोर अडकायची आणि नायिकेच्या गालावर तपकिरी फोड उठून पसरत जायचा. ते दृश्य आमच्या पिढीतला कोणी विसरलेला नाही.

2010 नंतरच्या चार-पाच वर्षांत फिल्मच येणे बंद झाले. सिनेमा आता डबीतून येऊ लागला. त्याच सुमारास एक तंबूवाले आमच्या शाखेत कर्ज मागायला आले. डिजिटल प्रोजेक्टर घ्यायचा होता, नाहीतर पुढच्या जत्रेत तंबू लागणार नव्हता. अर्ज मी भरून घेतला. 'तारण' या रकान्यापाशी आम्ही दोघेही थांबलो.

"दोन मशिनी हायेत," ते म्हणाले. "चालू कंडिशन."

मी तसे लिहिले. मॅनेजरांनी चष्मा वर करून विचारले, "याची बाजारभावाने किंमत?" मला त्या यंत्राचे सगळे माहीत होते. जिनिव्हा माहीत होते, सरस्वतीबाई माहीत होत्या. किंमत माहीत नव्हती. शेवटी भंगारवाल्याला फोन करून किलोचा दर विचारला आणि रकान्यात भरला. कर्ज अर्थातच झाले नाही. त्यांनी पुढे प्रोजेक्टर भाड्याने आणला, आणि मशिनी त्याच किलोच्या दराने गेल्या. आकडा मी काढून दिलेला होता, तेवढी तरी मदत झाली.

पुढच्या महाशिवरात्रीला मी परळीला गेलो. तंबूच्या मागे तोच ऑपरेटर होता. पिकलेला, पण बनियन तसेच. समोर स्टुलावर एक लॅपटॉप. एक बटण दाबून तो मोकळा झाला होता. ना रीळ बदलणे, ना कमान, ना टकटक. तरी त्याचा उजवा हात अधूनमधून हवेतच मुठीच्या जागी जात होता आणि परत येत होता. खिशातून त्याने विडीच्या बंडलाबरोबर तो क्रॉस काढून दाखवला. पाकळ्यांच्या कडा झिजून चकचकीत झाल्या होत्या. मी म्हटले, विकत देता का? त्याने तो पुन्हा खिशात घातला.

"आता बरंय की तुमचं," मी म्हणालो. "आरामात सिनेमा बघता येतो."

"बगितला की. काल पयल्यांदा पुरा बगितला. इतकी वर्सं मशिनीकडंच ध्यान, पडद्याकडं बगाया कुठं गावतंय?"

"मग? कसा वाटला?"

त्याने विडी पेटवली, लॅपटॉपकडे एकदा पाहिले आणि म्हणाला, "लई लांबवतेत, सायेब."