फर्माईश कोणाची?

नभोवाणीच्या इतिहासात वर्धापनदिनांची वाण नाही. २३ जुलैला मुंबई केंद्राचा जन्म झाला, ८ जूनला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले, २ ऑक्टोबरला पुणे केंद्र सुरू झाले आणि ३ ऑक्टोबरला विविध भारती. अशा दिवशी जुन्या ध्वनिमुद्रिका वाजतात, जुन्या निवेदकांची आठवण निघते आणि कोणते केंद्र कोणाच्या हस्ते उघडले याची उजळणी होते. ही उजळणी अवश्य व्हावी. परंतु या तारखा एका ओळीत मांडून पाहिल्या म्हणजे यंत्रांच्या इतिहासापेक्षा निराळे असे काही त्यांतून ऐकू येऊ लागते. श्रोत्याने कोणते गाणे ऐकावे हे ठरवावयाचे कोणी, या प्रश्नावर चाललेला तो एक दीर्घ वाद आहे. त्या वादाची हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभ एका फर्माईशीने झाला. ऑगस्ट १९२१ मध्ये मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कचेरीतून टपाल व तार खात्याच्या साहाय्याने संगीताचा एक खास कार्यक्रम प्रक्षेपित करण्यात आला. तो मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या विनंतीवरून झाला आणि त्यांनी तो पुण्यास बसून ऐकला. फर्माईश करणारा एक, आणि तोही गव्हर्नर! पुढे २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याचा प्रक्षेपक अवघ्या दीड किलोवॅटचा होता आणि आवाज पन्नास किलोमीटरच्या आसपास स्पष्ट पोहोचे. सुरत जिल्ह्यातील आमचे पलसाणा तर मुंबईपासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. तेव्हा त्या दिवशी इकडच्या ऊसकऱ्याला या सोहळ्याची वार्ताही नसावी. त्या वर्षाच्या अखेरीस साऱ्या देशात रेडिओचे परवाने साडेतीन हजारांच्या आसपास होते. एवढ्या श्रोत्यांवर कंपनी कशी चालणार? १९३० साली ती बुडाली आणि ध्वनिक्षेपण सरकारच्या हाती आले. ८ जून १९३६ रोजी त्या सरकारी खात्याचे ‘ऑल इंडिया रेडिओ’ असे नामकरण झाले. तेव्हापासून निवडीचा अधिकार अधिकाऱ्याच्या टेबलावर येऊन बसला.

हा अधिकार कसा चाले, याचे एक उदाहरण महाराष्ट्रास चांगले ठाऊक आहे. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर हे रंगभूमीवरून व चित्रपटांतून घरोघरी पोहोचलेले गायक. १९३५ च्या सुमारास मुंबई केंद्रावर गात असता त्यांनी ‘वंदे मातरम्’ आरंभिले, तेव्हा अधिकाऱ्याने प्रक्षेपण तोडले. मास्तरांनी त्यानंतर नभोवाणीवर बहिष्कार घातला आणि तो देश स्वतंत्र होण्याच्या वेळेपर्यंत पाळला. एका गवयाने आपल्या उत्पन्नावर आणि कीर्तीवर पाणी सोडून दिलेले हे उत्तर होते. पुढे तीच रचना राष्ट्रगीत व्हावी म्हणून त्यांनी जे परिश्रम केले, त्यांची मुळे या प्रसंगात आहेत.

दुसरे उदाहरण पेटीचे, म्हणजे हार्मोनियमचे. मार्च १९४० पासून नभोवाणीने पेटीला आपल्या केंद्रांवर मज्जाव केला. तिचे स्वर ठरीव. दोन स्वरांमधल्या श्रुती व मींड तिच्यातून निघत नाहीत, असा आक्षेप होता. शास्त्राच्या दृष्टीने तो अगदीच निराधार होता असे कोणी म्हणणार नाही. रवींद्रनाथांसारख्या थोर पुरुषाचाही पेटीस विरोध होता. परंतु महाराष्ट्राकडे पाहा. येथील संगीत नाटक पेटीवर उभे राहिलेले, येथील कीर्तनात पेटी, भजनात पेटी आणि आम्हा ख्रिस्ती मंडळींच्या मिस्सेतील गायनालाही तिचाच आधार. ‘मानापमान’ नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे तर पेटीचे जादूगार. १९५५ साली ते निवर्तले, तेव्हाही ही बंदी चालूच होती. ती अंशतः उठली १९७१ साली. जे वाद्य गावच्या देवळात आणि चर्चमध्ये रोज वाजत होते, त्याला सरकारी ध्वनिगृहाचे दार तीस वर्षे बंद राहिले. लोकांनी मात्र पेटी सोडली नाही.

आता अधिकाऱ्याचे टेबलच झुगारून देणारी एक तारीख. तिचा संबंध आमच्या सुरत जिल्ह्याशी आहे. या जिल्ह्यातील सरस या गावी २५ मार्च १९२० रोजी उषा मेहता यांचा जन्म झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा पुकार झाला, पुढारी तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर निर्बंध आले. तेव्हा बावीस वर्षांच्या या मुलीने चार सोबत्यांसह मुंबईत गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालविला. ४२.३४ मीटरवर तो ऐकू येई. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवावे लागे. राममनोहर लोहियांसारखे नेते त्यासाठी मजकूर पुरवीत. कार्यक्रमाच्या आरंभी ‘हिंदोस्ताँ हमारा’ आणि शेवटी ‘वंदे मातरम्’ असा परिपाठ होता. मुंबई केंद्रावर जे गीत तोडले गेले, ते येथे रोज वाजू लागले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलीस दार फोडून आत आले, त्या वेळीही त्याच गीताची तबकडी चालू होती. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. सुटका झाली ती १९४६ साली, पुण्याच्या येरवडा तुरुंगातून. हा रेडिओ जेमतेम तीन महिने चालला. श्रोता जे ऐकू इच्छितो ते कोणीतरी कोठून तरी ऐकवितोच, एवढे मात्र त्या तीन महिन्यांनी सिद्ध केले.

स्वराज्य आले म्हणजे हा वाद मिटावयास हवा होता. तो नव्याने पेटला, आणि पेटविणारे गृहस्थ मराठी होते. पुण्यात जन्मलेले, काशी विद्यापीठात व पॅरिसला शिकलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्याविषयी न्यायाने बोलावयाचे तर दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. संस्थाने विलीन झाल्यावर गवयांचा राजाश्रय संपला होता. त्या बिकट काळात नभोवाणीने शास्त्रीय संगीताला आधार दिला. जुलै १९५२ मध्ये संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला, १९५४ मध्ये नभोवाणी संगीत संमेलन भरू लागले. ज्यांनी बैठकीचे गाणे कधी ऐकले नव्हते, त्यांच्या घरात थोर गवयांचा आवाज पोहोचला. हे श्रेय केसकरांचे आहे.

परंतु चित्रपटगीतांविषयी त्यांचे मत फार कठोर होते. ही गाणी अभिरुची बिघडवितात, असे ते मानीत. नभोवाणीवर त्यांची वेळ घटविण्यात आली. गायकाचे नाव सांगावयाचे, पण चित्रपटाचे नाही, कारण ती जाहिरात होते, असा नियम झाला. निर्मात्यांना हे पटले नाही. त्यांनी आपल्या गाण्यांचे परवाने काढून घेतले आणि चित्रपटगीत भारतीय नभोवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले.

मग काय झाले? दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी सिलोनमध्ये उभारलेला एक प्रबळ लघुलहरी प्रक्षेपक ‘रेडिओ सिलोन’च्या हाती आलेला होता. ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, त्यावरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी विशीच्या उंबरठ्यावर होते. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे ते पुढे सांगत. या व्यवहारातील गंमत पाहा. गाणे मुंबईत तयार होई, कार्यक्रम मुंबईतच ध्वनिमुद्रित होई, त्या फिती विमानाने कोलंबोस जात आणि तेथून तेच गाणे लघुलहरींवर स्वार होऊन गुजरात-महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत उतरे. पलसाण्याहून अडीचशे किलोमीटरवर जन्मलेले गाणे समुद्र ओलांडून पलसाण्यास येत होते! घरच्या विहिरीला कुलूप लागले की तहानलेला परक्या पाणवठ्यावर जातो. तो पाणी पिणे सोडीत नाही.

याच काळात नभोवाणीने आणखी एक गोष्ट केली. चित्रपटगीताची जागा भरून काढावी म्हणून केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग सुरू झाले. २ ऑक्टोबर १९५३ रोजी उघडलेल्या पुणे केंद्रात सीताकांत लाड हे कार्यक्रम अधिकारी होते. वर्षभर चालेल अशी एक गीतमाला त्यांना हवी होती. ग. दि. माडगूळकरांनी रामकथा निवडली, सुधीर फडक्यांनी चाली दिल्या आणि १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, ‘गीतरामायणा’चे पहिले गीत प्रक्षेपित झाले. १९ मार्च १९५६ पर्यंत छप्पन गीते झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, लता मंगेशकर अशा कलावंतांनी ती गायिली. गीत प्रक्षेपित झाले की त्याचे शब्द पुण्याची दैनिके छापीत. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकावयास बसत, असे त्या वेळचे लोक सांगतात. आम्हा ख्रिस्ती घरांतही ही गीते पाठ असलेली माणसे होती. मराठी भाषा आपली असली म्हणजे तिचे वैभवही आपले असते. पुढे फडके हीच गीते रंगमंचावर स्वतः पेटी घेऊन गाऊ लागले. नभोवाणीने दिलेले गाणे आणि नभोवाणीने नाकारलेले वाद्य अशी एकत्र आली.

तेव्हा केसकरांच्या धोरणाचा निवाडा कसा करावा? मला वाटते, त्या धोरणातील देण्याचा भाग फळाला आला आणि रोखण्याचा भाग फसला. कोणताही व्यापारी ज्यावर पैसे लावण्यास धजला नसता, अशा वर्षभराच्या काव्यमालेला सरकारी केंद्राने जागा दिली. ते सार्वजनिक संस्थेचेच काम होते. परंतु लोकांच्या ओठांवरचे गाणे आज्ञापत्राने पुसले गेले नाही. गीतरामायण ऐकणारा आणि गीतमाला ऐकणारा श्रोता अनेकदा एकच होता. सकाळी तो पुण्याकडे काटा फिरवी, बुधवारी रात्री कोलंबोकडे. अभिरुची बिघडली की घडली याची चिंता त्याला नव्हती. दोन्ही गाण्यांना त्याच्या घरात जागा होती.

हे सरकारासही उमगले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, विविध भारती सुरू झाली. मुंबई व मद्रास येथील लघुलहरी प्रक्षेपकांवरून ती देशभर ऐकू येऊ लागली. तिच्यासाठी पहिले गीत पंडित नरेंद्र शर्मांनी रचले, अनिल विश्वासांनी त्यास चाल दिली आणि मन्ना डे यांनी ते गायिले. ते चित्रपटातील नव्हते. परंतु त्यामागोमाग चित्रपटगीते सन्मानाने घरी परतली. आणि योगायोग असा की, गीतरामायणाची पहिली ग्रंथरूप आवृत्ती केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने नेमकी त्याच दिवशी प्रसिद्ध केली. एकाच खात्याने एकाच दसऱ्याला एका हाताने गीतरामायण जपले आणि दुसऱ्या हाताने चित्रपटगीतास दार उघडले. नभोवाणीचा एकच वर्धापनदिन पाळावयाचा असेल, तर तो हा पाळावा असे मी म्हणेन. गीतमाला स्वतः घरी परतली ती मात्र १९८९ साली. सदतीस वर्षांनी ती विविध भारतीवर ऐकू येऊ लागली.

आज पलसाण्याच्या आसपास मागांवर आणि कापडाच्या गिरण्यांत काम करणारा खानदेशी तरुण खिशातल्या फोनवर गाणी ऐकतो. त्याला परवाना लागत नाही, काटा फिरवावा लागत नाही. एक गाणे संपते आणि दुसरे आपोआप लागते. गव्हर्नर, अधिकारी आणि मंत्री हे तिघेही या वादातून निघून गेलेले दिसतात. पण ते दुसरे गाणे निवडले कोणी? ज्याने मास्तर कृष्णरावांचे गीत तोडले त्याच्याविरुद्ध बहिष्कार घालता आला. केसकरांशी वृत्तपत्रांतून भांडता आले. सयानींना पोस्टकार्ड टाकता आले. आता निवडणारे एक यंत्र आहे. त्याला आपली कालची आवड ठाऊक असते आणि तीच ते उद्याही वाढते. गीतरामायण कोणी मागितलेले नव्हते. ते आल्यावर मात्र लोकांना कळले की आपल्याला तेच हवे होते. न मागितलेले चांगले पुढे आणून ठेवणारा कोणी उरला नाही, तर केवळ फर्माईशीवर संगीत वाढणार नाही. आणि फर्माईशीला बंदी केली, तर ते परदेशी निघून जाईल. १९५२ आणि १९५५ या दोन सालांचा हा हिशेब आहे. येत्या ३ ऑक्टोबरला घरात कोणी विविध भारती लावली, तर हा हिशेब मुलांनाही सांगावा.