घर कोणाच्या मापाने मोजावे?

आईबाप कामावर गेले आहेत आणि मूल आजीजवळ किंवा मावशीजवळ वाढत आहे, तर त्या मुलाची हेळसांड होते, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल काय? ज्या भाषेत 'आजोळ' हा शब्द आहे, तिच्यात हा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या बाबतीत तो उद्भवला, आणि त्यापायी हजारो मुले घराला मुकली.

आरंभ शाळेपासून झाला. १८७९ साली कॅप्टन रिचर्ड प्रॅट यांनी पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे निवासी शाळा काढली. केस कापावयाचे, नाव बदलावयाचे, मातृभाषा बोलू द्यावयाची नाही, ही तिची शिस्त. पुढे दत्तकाचा मार्ग निघाला. १९५८ ते १९६७ या काळात एका सरकारी योजनेखाली सुमारे ४०० मुले, बहुतांशी गोऱ्या कुटुंबांत, दत्तक गेली. राज्यांच्या अधिकाऱ्यांनी नेलेली मुले निराळीच. १९६९ व १९७४ च्या पाहण्यांत असे दिसले की, या मुलांपैकी शेकडा २५ ते ३५ घरापासून दुरावली होती.

हे अधिकारी दुष्ट होते असे नव्हे. दारिद्र्य दिसले, मूल आत्याकडे दिसले, की ती 'हेळसांड' असा शेरा पडे. घर एकाचे आणि माप दुसऱ्याचे!

१९७८ च्या कायद्याने हे माप बदलले. जमातीच्या राखीव प्रदेशात राहणाऱ्या मुलाचा निवाडा सामान्यतः जमातीच्या न्यायालयाने करावा. कुटुंब मोडण्यापूर्वी ते सावरण्याची खरी खटपट व्हावी. दत्तक देताना आधी नातलग, मग जमातीतील कुटुंब, मग इतर मूळ रहिवाशांचे कुटुंब पाहावे, असे त्याने ठरविले. हा वंशभेद आहे, अशी हरकत निघाली. जमातीचे सभासदत्व ही राजकीय बाब आहे, वंशाची नव्हे, असे समर्थकांचे उत्तर होते. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी कायदा कायम ठेवला. मात्र वंशभेदाच्या मुद्द्यावर निर्णय दिला नाही.

तो वाद अजून मिटलेला नाही. पण मुलाचे हित पाहावयाचे तर त्याची आजीही मोजावी लागते, एवढे या कायद्याने शिकविले. दयेच्या पोटी केलेला अन्याय ओळखणे सर्वांत कठीण. कारण तो करणाऱ्यालाही तो उपकारच वाटतो.