नस्तालीक आणि यंत्र

लिहिण्याचे जे साहित्य आपल्या घरात असते, त्याची नावे एकदा ओळीने म्हणून पाहावीत: कागद, कलम, दौत, शाई, दप्तर. सारी अरबी-फारसीची देणगी. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश रचला गेला, दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय योजण्यात आले. पण दौत काही आपल्या जागेवरून हलली नाही. ज्या लिपीच्या सोबतीने ही दौत-कलम आपल्याकडे आली, त्या लिपीचे पुढे यंत्रयुगात काय झाले, याची चौकशी मात्र मराठी वाचकाने फारशी केलेली दिसत नाही. ती हकीगत मोठी नामी आहे, आणि मला ती देऊळघाटच्या निमित्ताने जवळून पाहावयास मिळाली.

देऊळघाट हे बुलढाण्याजवळचे, पैनगंगेच्या काठचे गाव. नाव देवळाचे, वस्ती बरीचशी मुसलमानांची. या जिल्ह्यात फारसी ही परकी पाहुणी नव्हती. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या रणात निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पाडाव केला आणि दख्खनमध्ये आसफजाही घराण्याची मांड पक्की बसली. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले, तोपर्यंत सनदा, इनामपत्रे, काझीचे निवाडे यांची भाषा पुष्कळ अंशी फारसीच होती. तसले कागद जुन्या घरांतून अजून रुमालांत बांधलेले सापडतात. एका रुमालात वर मोडी पत्र, खाली फारसी पत्र, आणि दोहोंवर वाळवीची सारखीच कृपा!

अशा कागदांची एक यादी करावी म्हणून आम्ही काही मंडळींनी खटपट चालविली आहे. ती संगणकावर करावयाची ठरली, आणि तेथेच या लिपीचे खरे रूप माझ्या ध्यानात येऊ लागले.

देवनागरीत अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. रोमन लिपीत ते खालच्या रेषेवर उभे असते. अरबी लिपीत अक्षर शेजाऱ्याचा हात धरून चालते, तेही उजवीकडून डावीकडे. एकच 'बे' एकटा असताना एका रूपाचा, शब्दाच्या आरंभी दुसऱ्या, मध्ये तिसऱ्या आणि शेवटी चौथ्या. अलिफ, दाल, रे, वाव अशी काही अक्षरे मागच्याचा हात धरतात, पुढच्याला देत नाहीत. अरबांची अक्षरे अठ्ठावीस. इराण्यांनी पे, चे, झे आणि गाफ ही चार घालून बत्तीस केली. उर्दूने टे, डाल, ड़े यांची भर घातली. येथवर गोष्ट यंत्राच्या आवाक्यातली आहे. नस्ख नावाचे जे सरळ वळण आहे ते रेघेवर बसते, चार रूपांचे खिळे पाडले की भागते. अरब देशांनी आणि इराणनेही छपाईसाठी हेच वळण पत्करले.

उर्दू वाचकाने ते पत्करले नाही. त्याचे प्रेम नस्तालीकवर. इराणात चौदाव्या-पंधराव्या शतकांत घडलेले हे वळण तिरपे आहे: शब्द वरून सुरू होतो आणि पायऱ्या उतरावे तसा खाली येतो. आता यातील मेख पाहा. शब्द रेघेवर येऊन टेकावयाचा असेल तर तो किती उंचीवरून सुरू करावयाचा, हे पुढे किती अक्षरे जोडली जाणार यावर ठरते. म्हणजे पहिले अक्षर कोठे ठेवायचे ते शेवटचे कळल्यावाचून सांगता येत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात शब्द अगोदरच पूर्ण असतो, त्याला अडचण नाही. टंकलेखनयंत्राला बिचाऱ्याला पुढचे काय ठाऊक? कळ दाबली की अक्षर उमटले. ते परत वर उचलता येत नाही. नस्तालीकला धातूचा खिळा मानवला नाही, त्याचे हे कारण. कातिबांचा हट्ट किंवा मौलवींचा विरोध ही कारणे सांगतात ती मला वरवरची वाटतात.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. चार्ल्स विल्किन्सने कलकत्त्यास नस्तालीकचे खिळे पाडले आणि १७८१ साली फ्रान्सिस बाल्फरचे फारसी पत्रलेखनावरचे पुस्तक त्यात छापले गेले. पण खिळ्यांचे प्रकार इतके लागत की जुळाऱ्याची मती गुंग व्हावी. मग शिळाप्रेस आला आणि प्रश्नच मिटला. सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत काढलेली ही युक्ती आपल्या देशात अशी रुजली की जणू ती आपल्याचसाठी निघाली होती. लखनौचा मुन्शी नवलकिशोर यांचा छापखाना १८५८ साली सुरू झाला तो याच जोरावर. आणि मुंबईत शिळेवर छापलेली फारसी पुस्तके जहाजाने थेट इराणात जात.

कातिब खळ दिलेल्या पिवळट कागदावर खास शाईने लिही. तो कागद शिळेवर दाबला की अक्षरे उलटी उतरत. शिळेवर चूक सापडली तर ती दुरुस्त करणारा वेगळा माणूस असे, त्याला संगसाज म्हणत. तो उलटी नस्तालीक लिहीत असे! आरशातले अक्षर हाताने काढण्याचा हा धंदा जगात किती ठिकाणी होता, कोण जाणे. पुढे शिळा गेली, ऑफसेट आले, पण कातिब गेला नाही. १९३८ साली निघालेला मुंबईचा 'इन्किलाब' असो की १९२७ सालचा मद्रासचा 'मुसलमान' असो, उर्दू वर्तमानपत्र म्हणजे रोज रात्री बसून हाताने लिहिलेले पत्र. मद्रासच्या त्या पत्राने तर हा परिपाठ एकविसाव्या शतकातही चालू ठेवला.

येथे आपल्या घरचे एक उदाहरण आठवते. आपलीही एक धावती, हात न उचलता लिहावयाची लिपी होती. कॅरेने श्रीरामपुरास मोडीचे खिळे पाडले आणि १८१० साली मराठी कोश मोडीत छापला. पण छापखान्याला बाळबोध सोयीची, म्हणून आपण बाळबोध घेतली आणि मोडी दप्तरात घातली. युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली ती २०१४ साली, तोवर ती वाचणारेच विरळ झाले होते. आपण लिपी यंत्राला वाहिली. उर्दूवाल्यांनी यंत्राला दोनशे वर्षे दारात उभे केले. यात शहाणे कोण, याचा निर्णय मी करीत नाही. मात्र आमच्या रुमालांतली फारसी वाचणारा माणूस मला मोडी वाचणाऱ्याइतकाच शोधावा लागतो, हेही खरे.

यंत्राने अखेर हार पत्करली ती १९८१ साली. मिर्झा अहमद जमील हे कराचीचे चित्रकार व मुद्रक. जन्म दिल्लीचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. मोनोटाइप कंपनीचे यंत्र चिनी लिपीची हजारो चिन्हे छापते, हे त्यांनी सिंगापुरात पाहिले आणि मनाशी हिशेब केला: चिनी शब्दचिन्हे मावतात, तर उर्दूचे जोडलेले तुकडे का मावू नयेत? अक्षराला अक्षर जोडण्याचा नादच सोडावा. भाषेत जेवढे जोड येतात तेवढे सगळे हाताने लिहून यंत्राच्या पोटात घालावेत. असे सुमारे वीस हजार तुकडे तयार झाले. वडिलांच्या, नूर अहमद यांच्या, नावावरून या वळणाला 'नूरी नस्तालीक' म्हणतात. त्याच वर्षी 'जंग' दैनिकाच्या लाहोर आवृत्तीने ते उचलले.

आपल्याकडेही स्वस्थता नव्हती. पुण्यास १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली जी इस्की नावाची प्रमाण संकेतावली झाली तीत ब्राह्मीच्या लेकी एका घरात नांदल्या. पण उर्दू, सिंधी, काश्मिरी यांच्या फारसी-अरबी लिपीला त्या घरात जागा होईना. तिच्यासाठी पास्की नावाची स्वतंत्र संकेतावली करावी लागली. बाजारात मात्र १९९४ साली आलेल्या दिल्लीच्या 'इनपेज'ने बाजी मारली. त्या वेळी एका फॉन्टमध्ये अडीचशेच्या आसपास चिन्हे मावत. म्हणून नूरीचे हजारो तुकडे कित्येक फॉन्टांत वाटून ठेवले होते, आणि कळ दाबली की योग्य तुकडा हुडकून पडद्यावर येई. दिसावयास उत्तम. पण तो मजकूर उचलून दुसरीकडे न्यावा तर निरर्थक चिन्हांचा ढिगारा हाती येई, कारण आतले संकेत इनपेजचे इनपेजलाच ठाऊक.

माझ्या ओळखीचे एक वृद्ध कातिब आहेत. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. लग्नपत्रिका, जाहिराती, कबरीवरचे लेख, सारे त्यांच्या बोरूखालून गेले. नव्वदीनंतर ते काम तीन-चार वर्षांत आटले. मी त्यांना पडद्यावरचे नूरी दाखविले तेव्हा त्यांनी बराच वेळ निरखून पाहिले आणि म्हणाले, "लिहिणारा उस्ताद होता. पण ओळ भरताना मी अक्षर ओढतो, हा नुसती जागा सोडतो." टीका अगदी नेमकी होती. ओळीच्या मापाने अक्षर लांबविणे, ज्याला कशीदा म्हणतात, हा नस्तालीकचा प्राण. आणि तुकड्यांच्या साठ्यात तो बसत नाही. चाचांचा मुलगा मात्र आता संगणकावरच पत्रिका जुळवितो.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तिने तत्त्व घालून दिले ते असे: साठवावयाचे ते अक्षर, रूप नव्हे. 'बे'ला एकच संकेत; त्याचे कोणते रूप काढायचे ते फॉन्टने पाहावे. ओळ उजवीकडून चालते पण तिच्यातील आकडे डावीकडून वाचावयाचे असतात, तेव्हा दिशांचेही नियम केले. याप्रमाणे अक्षराअक्षराने नस्तालीक रचणारे फॉन्ट पुढे निघाले. गूगलचे नोटो नस्तालीक २०१४ चे, आणि ॲपलच्या फोनवर उर्दू नस्तालीकमध्ये दिसू लागली २०१७ साली.

आता आमच्या यादीकडे येतो. ती तिघांनी तीन कळफलकांवर टंकली: एकाचा अरबी, एकाचा फारसी, एकाचा उर्दू. देऊळघाट हे नाव उर्दूत असे लिहितात: दाल, ये, वाव, लाम, गाफ, दोचश्मी हे, अलिफ, टे. यातील 'ये'ला दोन संकेत आहेत, एक अरबी व एक फारसी. शब्दाच्या शेवटी त्यांत फरक दिसतो, येथे दोघांच्या पोटाखाली दोन नुक्ते आणि दोघे हुबेहूब सारखे. अरबी कळफलकावर दोचश्मी हे नसल्याने तेथे साधा हे पडतो, आणि नस्ख वळणात मधोमध तोही जवळपास तसाच दिसतो. शिवाय 'देवल' आणि 'घाट' जोडून लिहिले तर लाम गाफाला चिकटतो. सुटे लिहिले तर मध्ये जागा पडते. आणि तिसरा मार्ग इराण्यांचा. ते 'नीम-फासला' म्हणजे अर्धे अंतर घालतात, एक अदृश्य चिन्ह, जे लामाला गाफापासून तोडते पण शब्द मोडत नाही. दोन ये, दोन हे, तीन जोडण्या: एका गावाच्या नावाची बारा रूपे! नाव शोधावयास सांगितले की यंत्र त्यांतील एक पकडते आणि उरलेल्या अकरांखालचे कागद नाहीतच असे सांगते. कागद हरवण्याची ही रीत वाळवीलाही सुचली नसती.

मराठी वाचकाने याला हसू नये. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक राखण्यासाठी आपणही असेच एक अदृश्य चिन्ह वापरीत आलो. ते आणि नीम-फासला युनिकोडच्या सूचीत शेजारी शेजारी बसतात.

उपाय अवघड नाही. साऱ्या नोंदी एका फारसी 'ये'वर, एका दोचश्मी 'हे'वर आणाव्यात, जोडणीचा एक नियम ठरवावा, आणि मूळ कागदावरचे रूप वेगळ्या रकान्यात जपावे. काम निम्म्यावर आले आहे. उरते ते शिकस्त. जुने मुन्शी घाईने जी मोडकी नस्तालीक लिहीत तिचे हे नाव. तिच्यात नुक्ते गाळलेले असतात, आणि नुक्ता गेला की बे, ते, से, नून यांना ओळखावे कशाने? ग. ह. खरे यांच्यासारख्यांनी अशा कागदांवर आयुष्य घातले, माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश हाती दिला, त्यांच्या आधाराने चाचा आणि मी एकेक ओळ लावतो. ते अक्षर ओळखतात, मी शब्द पाहतो. परवा एका इनामपत्रातला एक शब्द दोन तास अडला होता, चाचांनी बोरू घेऊन तो रद्दी कागदावर चार वेळा भरभर लिहिला आणि पाचव्या वेळी हात थांबवून म्हणाले, "नून आहे. पुढचे वाचा."