कागद्याच्या कारखान्यांतील टाकाऊ माल

जुन्या पोथीचें पान उजेडासमोर धरिलें असतां त्यांत न कुटलेला एखादा धागा, सुतळीचा तुकडा किंवा काळसर ठिपका अनेकदां दृष्टीस पडतो. संग्राहक यांस दोष मानतात. आमच्या मतें तो कागद कशाचा केला याची ही साक्षच होय.

जुन्नर, दौलताबादेजवळील कागजीपुरा व पुण्यांतील कागदीपुरा हीं हातकागदाचीं जुनीं ठिकाणें होत. कागजीपुऱ्याची परंपरा या धंद्याचा आरंभ महंमद तुघलकानें १३२७ सालीं राजधानी देवगिरीस हलविली तेव्हांपासून सांगते. हे कारखाने लहान असत, आणि त्यांचा कच्चा माल बहुतांशीं इतरांनीं टाकलेला असे. फाटकें गोणपाट, झिजलेले दोर, चिंध्या व रद्दी तोडून चुन्याच्या पाण्यांत मुरवीत, ढेकीखालीं कुटीत, धूत आणि हौदांतील लगद्यांतून साच्यावर ताव उचलीत. वाळलेल्या तावास खळ देऊन दगडानें घोटीत. फाटलेले ताव व कडांची कातरण पुनः लगद्यांत जाण्यासारखीच असे. खरा नाश होई तो धुण्यांत. बारीक तंतु व चुना पाण्याबरोबर वाहून जात.

या काटकसरीचा पाया निवड हा होता. गांठी, रंगीत चिंध्या व घाण आधीं काढली नाहीं, तर पुढें कितीहि कुटलें तरी ताव मळकटच निघे.

परंतु हीच काटकसर आम्हां पोथीप्रेमी मंडळींस झोंबणारीहि आहे. काजळाच्या शाईंतील डिंक पाण्यांत विरघळतो व काजळ सुटें होतें. म्हणून लिहिलेला कागदहि लगद्यास चालतो. उरलेलें काजळ नव्या तावास करडी छटा देतें. मालकास निरुपयोगी वाटलेलें दप्तर एकदां रद्दींत गेलें कीं त्याचा हौदाकडील मार्ग मोकळा झाला. अशा रीतीनें किती पत्रें व हिशेब नष्ट झाले असतील, याची गणती आतां कोण करणार? कागद्यास आम्ही बोल लावीत नाहीं. टाकाऊ म्हणून जें आलें तें त्यानें उपयोगास लाविलें. न पाहतां टाकणारा मात्र दोषी खरा.

पुण्यास १९४० सालीं हातकागद संस्था स्थापन झाली, आणि आजहि हातकागदाच्या कारखान्यांत कपडे शिवतांना उरलेली सुती कातरण वापरली जाते. लहान कारखानदारानें यांतून इतकें घ्यावें कीं, निवड माल निघतो तेथेंच करावी. उकिरड्यावर एकत्र झाल्यावर ती होत नाहीं. आणि ज्यांच्या घरीं जुनें दप्तर असेल त्यांस आमची विनंति, रद्दी विकण्यापूर्वी प्रत्येक पान एकवार वाचून पाहावें.