खाडीतील जाळे आणि त्याचा आस
ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातील आणि कल्याणच्या खाडीकाठच्या मासेमारीचा इतिहास जाळ्याच्या ‘आसा’त, म्हणजे विणीतील एका घराच्या मापात, वाचता येतो, कारण कोणता मासा अडवायचा आणि कोणता सोडायचा, हे त्या मापानेच ठरत आले. भरती-ओहोटीच्या ओढीवर चालणाऱ्या ‘डोल’ या नरसाळ्यासारख्या जाळ्याचा आस तोंडाशी मोठा असून शेवटच्या पिशवीकडे बारीक होत जातो, तर हाताने फेकायचे पाग जाळे उथळ पाण्यासाठी असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुती दोऱ्याऐवजी नायलॉन आल्याने जाळी टिकाऊ झाली, परंतु कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडीतले मासेच घटले, आणि ही हानी त्या फायद्याहून मोठी ठरली. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाने जाळ्यांसारख्या मासेमारीच्या साधनांवर निर्बंध घालण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला.