लेकीचं नाव हिराई

आमच्या लेकीच्या बारशाला आत्यानं तिच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितलं, हिराई. मागून कुणीतरी पुटपुटलं, "हे काय म्हातारीचं नाव!"

हिराई ही चांद्याची, म्हणजे आपल्या चंद्रपूरची गोंड राणी. 18व्या शतकाच्या सुरुवातीला राजा बीरशहाचा खून झाला. पोटी मुलगा नव्हता. हिराईनं रामशहाला दत्तक घेतलं, तो लहान असेपर्यंत राज्य सांभाळलं, नवऱ्याची देखणी समाधी बांधली. महाकालीचं देऊळही तिनंच बांधलं असं सांगतात. तिथं चैत्रात मराठवाड्यातनं माणसं लोटतात, पण माझ्या वर्गात हिराई एकही नव्हती.

उद्या लेक विचारेल, "माझंच नाव असं का?" तेव्हा तिला त्या समाधीपाशी नेईन.